गोळ्या नऊ, दिवस तेरा

मित्रांनो, मी पितळेचा पानाचा डबा आहे. वय साठीच्या पुढे, आणि माझ्यात शेवटचं पान ठेवलं त्याला कितीतरी वर्षं झाली. रेवदंड्याच्या एका तांबटाने मला ठोकून घडवलं आणि मुरुडजवळच्या कोळीवाड्यातल्या रामचंद्रने मला घरी आणलं. त्याच्याबरोबर मी चाळीस वर्षं समुद्रावर गेलो. जाळं ओढून झालं की सगळे खलाशी माझ्याभोवती बसत. कात संपला तर शिव्या मलाच, पण पान रंगलं की कौतुकही माझंच. तेव्हा माझा तोरा काही विचारू नका!

रामचंद्र गेला आणि मी फळीवर चढलो. सुतळीचे तुकडे आणि गंजलेले गळ माझ्यात कोंबले गेले. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू?

मग एक दिवस त्याच्या सुनेने, किशोरीने, मला चिंचेने घासून लख्ख केलं. तिचा नवरा शिवदास महिनाभर तापाने अंथरुणाला खिळला होता. सरकारी दवाखान्यात तपासलं तेव्हा त्याच्या रक्तात एचआयव्ही निघाला. हे नाव तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचलं असेल. किशोरीच्या रक्तात तो नव्हता. शिवदासला तो कसा लागला हे तिने एकदाच विचारलं, उत्तर ऐकलं, दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही आणि तिसऱ्या दिवशी त्याच्यासोबत दवाखान्यात गेली.

त्याला रोज एक गोळी सुरू झाली. गोळ्यांची बाटली बोटीवर नेली तर खलाशी ओळखतील, या धाकाने शिवदास ती घरीच ठेवी. फेरीपुरत्या गोळ्या मोजून माझ्यात टाकी, वर सुपारीची पुडी. "एकटाच काय खातंस रे?" म्हणून सगळे त्याची टर उडवत.

किशोरीला मूल हवं होतं. वस्तीतल्या बायका विचारून तिचा जीव खात होत्या, पण त्यांच्यासाठी नाही, तिला स्वतःलाच हवं होतं. दवाखान्यातल्या समुपदेशक मधुवंतीताईंना तिने सरळ विचारलं. त्या म्हणाल्या, "गोळी रोज घेतली, तपासणीत विषाणू सापडेनासा झाला आणि सहा महिने तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून त्यांच्याकडून तुला लागण होत नाही. मग मूल चारचौघांसारखंच होऊ शकतं. तुझी तपासणी मात्र चालू ठेवायची." दोन रिपोर्ट चांगले आले. ताईंनी होकार दिला तेव्हा नवरात्र नुकतंच सरलं होतं.

त्याच आठवड्यात बोट निघाली. आमच्याकडे फेरीचे दिवस बर्फावर ठरतात. बर्फ संपला की मासळी खराब होते, म्हणून परतावंच लागतं. बर्फ आठ दिवसांचा होता. किशोरीने एक जास्तीची धरून नऊ गोळ्या दिल्या.

सातव्या दिवशी पापलेट असं लागलं की बोटीचा प्रमुख, तांडेल धनेश, नाचायचाच बाकी राहिला. जवळच गावातली दुसरी बोट इंजिन बिघडल्याने कशीबशी परत चालली होती. तिचा सगळा बर्फ धनेशने मागून घेतला आणि मुक्काम वाढवला. शिवदास त्या बोटीने घरी येऊ शकला असता. पण कारण काय सांगणार? तो बर्फ उतरवून घेऊ लागला. दहाव्या दिवशी सकाळी त्याने मला उघडलं, नुसती सुपारी पाहिली आणि झाकण लावलं. मी काय करणार? मला ठणठणाट तेवढा करता येतो.

तेराव्या दिवशी बोट लागली. किशोरीने मला उघडलं.

"गोल्या नऊ होत्या. दिस तेरा झाले," ती म्हणाली. "मंग?"

"चार दिस न्हाय घेतल्या."

"मी इचारलं नसतं, तर बोलला असता?"

शिवदास खाली बघत म्हणाला, "ठाऊक न्हाय."

या उत्तराने ती रडली. रोगाचं कळलं तेव्हाही ती इतकी रडली नव्हती. पण तिने तिथल्या तिथे गोळी त्याच्या हातावर ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने दोघं दवाखान्यात गेली. रिपोर्टमध्ये थोडा विषाणू परत दिसला. पुन्हा थांबायचं, निरोध वापरायचा, गोळी चुकवायची नाही. हातातोंडाशी आलेलं पुढे गेलं.

पुढच्या फेरीआधी शिवदासने धनेशला घरी बोलावलं आणि सगळं सांगितलं. बोटीवरची जागा जाईल, असं त्याने मनात धरलंच होतं. धनेश म्हणाला, "तवाच सांगायचंस ना! त्या बोटीवर चढवला असता तुला. बाटली आख्खी घेऊन ये, माझ्या पेटीत राहील." त्या फेरीपासून मी पुन्हा घरी, फळीवर.

नोव्हेंबरअखेरचा रिपोर्ट चांगला आला, मेअखेरचाही, आणि ताईंनी पुन्हा होकार दिला. जूनमध्ये मासेमारी बंद झाली, बोट किनाऱ्यावर चढली. पुढल्या होळीला किशोरी बाळंत झाली. पोटुशी असताना तिचं रक्त पुन्हापुन्हा तपासलं, विषाणू नव्हताच.

मुलीला घरी आणल्या दिवशीच शिवदासने मधुवंतीताईंना फोन लावला. "ताई, पोरीचं रगत कवा तपासायचं?"

"कशाला?" ताई म्हणाल्या. "आईला नाही, तर बाळाला कुठून येणार?"

शिवदास फोन हातात धरून जमिनीवर बसला आणि हमसून हमसून रडला. इतके महिने हीच भीती त्याने एकट्याने पोटात ठेवली होती.

मित्रांनो, माझ्या जातीचे डबे आत्मकथेच्या शेवटी विनवतात, आम्हाला घासा, पुसा, वापरा. माझं तसं नाही. तुमच्या घरात, शेजारात कुणी रोज गोळी घेत असेल, तर त्याला पाणी द्या आणि चार माणसांत घेऊ द्या. मी फळीवर रिकामा बरा आहे.