बिनदाण्याचं सँडविच

उकडलेल्या बटाट्याचं

वडशाच्या स्टेशन रोडवर जाहिदचं मिक्सर दुरुस्तीचं दुकान. गिऱ्हाईक बाईनं जार काउंटरवर ठेवला की तो आधी पातं सोडवायचा, खालचा रबरी वायसर स्क्रूड्रायव्हरनं उचकायचा, तिथलं काळपट कडं टोकानं खरवडून नाकाशी न्यायचा आणि निकाल द्यायचा. "लसूण-मिरची. त्याच्या आधी खोबरं. खोबरं खवट होतं, बाई." काही बाया हसायच्या, काहींचा पारा चढायचा. पण तो बोलायचा ते खरं निघायचं. कुठल्याही वस्तूखाली काय दडलंय हे पाहिल्याशिवाय या माणसाला चैन पडत नसे.

आणि नेमकं त्याच्याच घरातलं एक कोडं त्याला सुटत नव्हतं.

मुलगी इकरा, तिसरीतली. जानेवारीत झेंडावंदनानंतर शाळेत चिक्की वाटली. इकराच्या वाट्याची मातीत पडली म्हणून वर्गात शेजारी बसणाऱ्या पियुषनं आपली अर्धी तिला मोडून दिली. थोड्या वेळात तिचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या. डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं: शेंगदाणा बंद. एक कणही नको, आणि श्वास लागला तर वाट पाहू नका, सरळ दवाखाना. घरातले दाणे गेले, तेल बदललं, मिक्सरला जाहिदनं दुकानातून दुसरा जार आणला. तरीही त्यानंतर दोनदा, शाळेत डबा खाल्ल्यावर, गांधी उठल्याच.

शाळेनं आपल्या परीनं हिशेब जुळवला. पियुष लपूनछपून काहीतरी देत असणार. "मी नाई दिलं, मॅडम," असं तो सांगत राहिला आणि सांगता सांगता मागच्या बाकावर गेला. इकराला मधल्या सुट्टीत ऑफिससमोरच्या व्हरांड्यात एकटीनं जेवायला बसवू लागले. काळजीपोटीच. पण डबा जसाच्या तसा घरी परत येऊ लागला.

तिची आई जरीना धानोऱ्याकडे आरोग्य उपकेंद्रात नर्स होती, शनिवारी घरी यायची. म्हणजे डबा जाहिदच्या गळ्यात. एका सकाळी इकरा म्हणाली, "अब्बू, मले पोळी नको. सँडविच दे."

"काऊन?"

"सँडविच उभ्यानं खाता येते. उभं राह्यलं का खिडकीतून वर्ग दिसते."

जाहिदनं पोळीचं पीठ बाजूला सारलं. बटाटे उकडले, काट्यानं कुस्करले, मीठ, जिरं, लिंबू घातलं आणि ब्रेडमध्ये भरलं. त्या दिवशी डबा अर्धा रिकामा आला. ओठ ठीक होते.

पण अर्ध्या डब्यावर त्याचं समाधान होणार नव्हतं. त्याला पोरगी वर्गात, गोलात, सगळ्यांसोबत जेवताना हवी होती. त्यासाठी बाकीच्या आयांनी दाणे सोडायला हवेत. आणि दाणे सोडा म्हणायचं तर दाण्याच्या जागी काय, हे आधी आपल्याला सांगता यायला हवं.

तो कामाला लागला.


जवसाचं

जवस तव्यावर तडतडेपर्यंत भाजलं. लसूण, लाल मिरची, मीठ घालून मिक्सरमध्ये फिरवलं. ब्रेडला तूप, वर ही चटणी, मध्ये काकडी. संध्याकाळी घरीच चाखायला दिलं, म्हणजे काही झालंच तर आपण समोर असू.

इकरानं बोटं चाटली. मग ओठांचे कोपरे खाजवू लागली.

"जवस बंद," जरीना फोनवर म्हणाली. "गोळी दे आन् रात्री लक्ष ठेव. आन् पुढं एका वेळेला एकच नवीन वस्तू."

"जवस तं आपल्याकडं सगळेच खातात."

"दाणेबी सगळेच खातात."


फुटाण्याच्या डाळीचं

किराणा दुकानात दाण्याच्या लोण्याच्या बाटल्या मिळतात, ब्रेडला फासायच्या. तसलंच काहीतरी, पण दाण्याविना. भाजलेली फुटाण्याची डाळ, गूळ, तूप, मिक्सरला दोन-तीन फेऱ्या. रंग हुबेहूब, फासलंही गेलं छान. जाहिद स्वतःवर खूश झाला.

इकरानं एक घास खाल्ला. गळ्यावर पुन्हा लाल चट्टा.

आता जाहिदची झोप उडाली. जवसात आणि फुटाण्यात सारखं काय? एक तेलबी, एक डाळ. त्यानं वडिलांना, नूर मोहम्मदना विचारलं. त्यांनी पेपरातून डोकं वर न काढता सांगितलं, "दोन्ही तूच केले."


चारोळीचं (झालंच नाही)

"इथली सोमारीबाई चारोळी देऊन राह्यली. जंगलातून आणलेली, ताजी," जरीना उपकेंद्रातून फोनवर म्हणाली.

"मग घे की. चारोळी म्हणजे दाणा थोडीच. खिरीत टाकतो आपण."

"फोडून आतला गर खातो ना?"

"हो."

"मग डॉक्टरले विचारल्याशिवाय नाई."

"तिले काय सांगशील?"

"सांगितलं पोरीची गोष्ट. ती म्हणाली, मग मोह ने. मोहानं कोणाचे ओठ सुजलेले तिनं पाह्यले नाई. जीभ जड झालेली पाह्यली म्हणते."


मोहाचं

सुकवलेली मोहफुलं जरीनानं पिशवीभर आणली. जाहिदनं ती धुतली, भिजवली, गुळात मंद शिजवली, चमच्याच्या पाठीनं घोटली, चिमूटभर मीठ टाकलं. घरभर मोहाच्या दारूसारखा असा वास सुटला की नूर मोहम्मद टोपी हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले.

"मले नमाजाले जायचं आहे. तू काय शिजवून राह्यला?"

"जॅम, अब्बा. नुसती फुलं आहेत."

"हे मशिदीत कोणाकोणाले सांगत फिरू?"

इकराला आवडलं. तिनं दोन सँडविच खाल्ली आणि म्हणाली, "मॅडम विचारतील, तुझा डबा कोण भरते आन् काय पिऊन भरते."

ओठ साफ. गळा साफ.

बटाटा चालतो, मोह चालतो. जवस नाही, फुटाणे नाहीत. जाहिदनं यावर दोन दिवस डोकं लढवलं आणि त्याला वाटलं, सापडलं. भाजलेलं चालत नसावं. म्हणून त्यानं एक बटाटा चुलीतल्या निखाऱ्यात भाजला आणि काट्यानं कुस्करून इकराला दिला. तिनं तो मिटक्या मारत संपवला आणि दुसरा मागितला. सिद्धांत निखाऱ्यातच गेला.


ग्रुपवरचं

करिश्मा मॅडम (वर्गशिक्षिका): सर्व पालकांना नमस्कार. शनिवारी वर्गात सभा. विषय: डब्यात शेंगदाणे न देणे. इकराचे वडील पर्यायी पदार्थ दाखवतील.

मोनाली (पियुषची आई): दाण्याची चटणी नाही, चिवडा नाही, साबुदाणा नाही. मग पोरांनी डब्यात काय हवा न्यायची का

करिश्मा मॅडम: ताई, त्यासाठीच सभा आहे.

मोनाली (पियुषची आई): एका पोरीसाठी सगळा वर्ग. आणि माझा पोरगा फुकटचा बदनाम. त्याचं काय

जाहिद (इकराचे अब्बू): ताई मी सँडविच करून आणतो. खाऊन पाहा. मग बोला.

मोनाली (पियुषची आई): खाऊनच बोलते. उपाशी बोलली तर तुम्हाला झेपणार नाही भाऊ

(कोणीतरी हसणारा चेहरा पाठवला. लगेच काढून टाकला.)


सभेतलं

पोरांच्या बुटक्या बाकांवर बाया गुडघे वर करून बसल्या होत्या. पुरुष एकटा जाहिद. लसीकरणाचं काम निघाल्यानं जरीनाला या शनिवारी येता आलं नव्हतं. टेबलावर त्यानं तीन ताटं मांडली: बटाट्याचं, मोहाचं आणि सकाळीच वाटलेल्या खोबरं-कोथिंबिरीच्या चटणीचं. शेजारी घरचा जार आणि स्क्रूड्रायव्हर.

मोनालीनं ताटांकडे पाहिलंही नाही. "सँडविच मागून. पहिले हे सांगा जाहिदभाऊ, माझ्या पोरावर आळ काऊन घेतला?"

"मी नाई घेतला, ताई."

"मग मागच्या बाकावर त्याले काय थंड हवेसाठी बसवलं?"

बाया हसल्या. करिश्मा मॅडमनी खिडकीबाहेर पाहिलं.

"पियुषनं दिलं नसंल," जाहिद म्हणाला. "मी ते मानतो. पण पोरं एकमेकांच्या डब्यात हात घालतात. आन् दाणे तुम्ही डब्यात नाई टाकले तरी जारात राहतात. चटणी कोथिंबिरीची, पण पात्याखाली मागच्या आठवड्याचे दाणे. जार नुसता धुऊन होत नाई, खोलावा लागते. थांबा, साफ जार कसा असते ते दाखवतो."

त्यानं घरचा जार उलटा धरला, पातं सोडवलं, वायसर उचकला. बाया माना लांब करून पाहू लागल्या. वायसरखाली तपकिरी रंगाचं एक बारीक कडं होतं.

हाताला सवयच ती. त्यानं टोकानं कडं खरवडलं, नाकाशी नेलं आणि दुकानात सांगतो त्याच आवाजात सांगितलं, "दाणे. जुने आहेत. लसणासंगं वाटलेले."

मग आपण काय बोललो ते त्याच्या कानांवर पडलं.

मोनाली बाकावरून उठली आणि टेबलापाशी आली. "पुन्हा म्हणा."

"दाणे आहेत, ताई."

"जार कोणाचा?"

"घरचा. माझा."

घरात दाणे बंद झाले तेव्हा त्यानं जार बदलला होता खरा. भांडं नवं कोरं घेतलं होतं. पण पातं आणि वायसर मात्र दुकानातल्या जुन्या सामानाच्या डब्यातून काढून बसवले होते, कारण चांगला भाग असताना नवा घ्यायचा म्हणजे त्याला पाप वाटे. वरून धुतले होते. वायसर पालटून पाहिला नव्हता. आता सगळं भराभर जागेवर बसत गेलं. शाळेत गांधी उठल्या त्या दोन्ही दिवशी डब्यात चटणी होती. जवस या जारात फिरलं होतं. फुटाणे या जारात फिरले होते. बटाटा काट्यानं कुस्करला होता, मोह चमच्यानं घोटला होता.

त्यानं हे सगळं बायांना सांगितलं, याच क्रमानं. सांगता सांगता खोबऱ्याच्या चटणीचं ताट उचलून कागदात गुंडाळलं.

"म्हणजे पियुष खरं बोलून राह्यला होता," मोनाली म्हणाली.

"हो."

"ऐकलं ना, मॅडम? सोमवारी माझा पोरगा त्याच्या जागेवर पाहिजे."

"बसेल, ताई. त्याच्याशी मी स्वतः बोलेन," मॅडम म्हणाल्या.

मागून कोणीतरी बोललंच. "मग आमच्या डब्यानं काही झालंच नाई. आम्ही काऊन दाणे सोडायचे?"

याच प्रश्नाला जाहिद सभेच्या आधीपासून घाबरत होता, आणि त्याचं उत्तर त्यानं स्वतःच स्क्रूड्रायव्हरनं उकरून काढलं होतं. तो म्हणाला, "बरोबर आहे तुमचं. तुमच्या घरच्या दाण्यानं नाई झालं. माझ्या घरच्या दाण्यानं झालं. पण दाण्यानंच झालं, आन् पुढच्या वेळी किती होईल हे डॉक्टरबी सांगू शकत नाई. ती तिथं व्हरांड्यात जेवत नाई, बाई. उभी राहते. तिले आत बसू द्या, दुसरं काही मागत नाई मी."

मोनाली टेबलापाशीच उभी होती. तिनं मोहाच्या सँडविचचा तुकडा उचलला, हुंगला, भुवई वर केली आणि तोंडात टाकला. बाकीच्या तिच्या तोंडाकडे पाहत राहिल्या.

"मीठ टाकलं काय यात?"

"चिमूटभर."

"टाकायले नको होतं." तिनं दुसरा तुकडा घेतला. "माझा पियुष दाण्याच्या चटणीशिवाय पोळीले हात लावत नाई. त्याले डब्यात काय देऊ, ते सांगा. नुसता बटाटा तं दोन दिवसांत फेकून देईल."

"जवस चालंल त्याले."

"इकराले चालते काय?"

"आता माहीत नाई. नव्या जारात करून पुन्हा पाहावं लागंल. डॉक्टरले विचारून."

"मग आधी ते विचारा. तोवर आमच्या रांगेत बटाटा." ती मॅडमकडे वळली. "आमची रांग बिनदाण्याची करा, मॅडम. पोरगी त्याच रांगेत बसंल, पियुषच्या बाजूले. बाकी रांगांचं त्यांचं त्या पाहून घेतील. आन् जाहिदभाऊ, उद्या मी माझा जार आणते. खोलून द्या. पण खाली काय निघालं ते दुकानात वरडून सांगू नका."

मॅडमनी नियम ठरवला: डबे बदलायचे नाहीत, जेवणाआधी आणि नंतर साबणानं हात धुवायचे, इकराची गोळी ऑफिसात राहील. मग एकेक बाई उठून टेबलाभोवती आली. कोणी मोहाला नाक मुरडलं, कोणी पदरात बांधून घेतलं. कोणाला काही आवडलं की नाही, जाहिदला कळेना. ताटं मात्र रिकामी झाली.


सोमवारचं

नव्या जारात, नव्या पात्याखाली, नव्या वायसरवर कोथिंबीर वाटून जाहिदनं रविवारी इकराला चाखवली. काही झालं नाही. सोमवारी तीच बटाट्यासोबत ब्रेडमध्ये भरली. दिवसभर तो एकाच मिक्सरची मोटर उघडून बसला होता. गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं तरी कळत नव्हतं.

इकरा दुकानात आली ती बोलतच. पियुषला जेवताना शिंक आली आणि भात नाकातून निघाला. मग सगळे हसले, मग तोही हसला, मग पुन्हा निघाला. रांगेतला एक मुलगा रोज डबा उघडायच्या आधी डोळे मिटतो आणि वासावरून भाजी ओळखतो. आज चुकला.

"चटणी कशी होती?" जाहिदनं विचारलं.

"कोणती?"

"तुझ्या सँडविचातली."

"होती ना." तिनं दप्तर काउंटरवर टाकलं आणि स्टुलावर चढून बसली. "अब्बू, करिश्मा मॅडम आमच्या रांगेच्या टोकाले बसतात. त्यांच्या डब्यात रोज एकच भाजी असते. पियुष सांगत होता, पावसाळ्यापासून तीच. काऊन असंल?"

जाहिदनं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"कोणती भाजी?" तो म्हणाला.