कुलदीपनं दाखवलेला भूतान

कुलदीप मास्तर भूतानचे फोटो दाखवणार म्हणून आनंदाबाई गावच्या शाळेत लवकर जाऊन पुढच्याच सतरंजीवर बसली. तो तिचा धाकटा भाऊ. लाखनीला मास्तर होता. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत भूतान पाहून आला, आणि यंदाच्या वन्यजीव सप्ताहात वन विभागाचे साहेब त्याला गावोगाव घेऊन फिरत होते. तिचा नवरा गोमाजी चैत्रात मोहफुलं वेचायला गेला आणि वाघानं त्याला मारलं. तेव्हापासून साहेबलोकांच्या कार्यक्रमाला ती फिरकली नव्हती. आज भाऊ बोलणार होता म्हणून आली.

फोटो खरंच चांगले होते. बर्फाचे डोंगर, त्यांच्या अंगावर काळंभोर जंगल. बकरीच्या तोंडाचं आणि गाईच्या अंगाचं एक जनावर पाहून बाया हसल्या. काळ्या मानेचे मोठे पक्षी एका दरीत उतरत होते. त्यांच्या पंखांना लागू नये म्हणून तिथल्या लोकांनी विजेच्या तारा जमिनीखालून नेल्या, असं कुलदीपनं सांगितलं. आनंदाबाई रंगून गेली होती.

मग एका फोटोत धानाचं शेत आलं. शेताच्या कडेला चार खांबांवर मचाण, आणि मचाणावर वाजवायला रिकामा डबा घेऊन बसलेली बाई.

"ते बाई काय करून राहिली?" आनंदाबाईनं बसल्या जागेवरून विचारलं.

"काही नाही, शेत राखते. डुकरं येतात," म्हणत कुलदीपनं फोटो पुढे सरकवला.

"मंग तिथल्या लोकायलेबी तरासच हाये की! ते काहून नाही सांगत?"

मागे हशा पिकला. कोणीतरी टाळी दिली. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. कुलदीपचे कान लाल झाले.

"प्रश्न समजुतीचा आहे," तो शाळेत बोलतो तसं बोलू लागला. "जंगल हे वाघाचं घर. त्याच्या घरात आपण भल्या पहाटे एकटे शिरलो, तर चूक कोणाची? माझ्या घरातलंच उदाहरण देतो. माझे भाऊजी गोमाजी. वन विभागाचं ऐकलं नाही त्यांनी. वाघाचा यात काही दोष नाही."

आनंदाबाई उठली. तिची मुलगी टीना तिचा हात धरू लागली, तो तिनं झटकला.

"बारावीच्या परीक्षेले तुले सायकलच्या कॅरियरवर बसवून याच जंगलातून नेलं त्यानं. पहाटेच. तवा नाही सांगितलं, भाऊजी, हे वाघाचं घर होय म्हणून?"

"बाई, हा कार्यक्रम आहे. घरी बोलू."

"घरी येऊ नको."

ती निघाली. तरी कुलदीप दुपारी आलाच. टीनानं ताट वाढायला घेतलं होतं, ते आईनं आत ठेवायला लावलं.

"खोटं बोललो का मी?" तो ओसरीवरूनच म्हणाला. "साहेबांसमोर माझी इज्जत घालवली तू."

"माह्या माणसाचं नाव घेऊन साहेबापुढं शहाणा झाला तू. मेल्यावर त्याले चुकीचा ठरवलं, साऱ्या गावापुढं."

"लोकांना कळावं म्हणून सांगितलं."

"तुले काय कळलं? त्या मचाणावरच्या बाईले एक शब्द तरी इचारला का?"

मोटरसायकल काढून तो गेला. जाताना भाचीकडेही पाहिलं नाही.

टीनाला वाटलं, चार दिवसांत मिटेल. पण त्याच आठवड्यात शेजारच्या गावात कुलदीपनं तेच उदाहरण पुन्हा दिलं. या वेळी पडद्यावर गोमाजीचा फोटोही लावला, टीनाच्या साखरपुड्यातला, फेटा बांधलेला. टीनाच्या मैत्रिणीनं व्हिडिओ पाठवला. आनंदाबाईनं तो दोनदा पाहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी टमटम करून ती थेट लाखनीच्या त्याच्या शाळेत गेली, आणि पोरांचा तास चालू असताना दारात उभी राहिली.

"तो फोटो काढून टाक. माह्यासमोर."

"बाई, बाहेर थांब."

"आताच."

चाळीस पोरं पाहत होती. कुलदीपनं दात आवळून मोबाईल काढला आणि फोटो पुसला.

"झालं समाधान?"

"नाही," ती म्हणाली. "कोणत्याबी गावात त्याचं नाव घेतलं, तर मी तिथं येऊन उभी राहीन."

"तुझं माझं आजपासून संपलं," तो हळू आवाजात म्हणाला.

"आपल्या गावच्या शाळेतच संपलं होतं ते. तुले आज समजलं."

दिवाळीत त्याची बायको साधना फराळाचा डबा घेऊन आली. आनंदाबाईनं डबा घेतला नाही. पाणीही विचारलं नाही. अंगणात धानाच्या पेंढ्या झोडपत राहिली, साधना फाटकाबाहेर जाईपर्यंत.