पाहुणा जो जाता जाईना

मी एक जुना संगणक आहे. वय विचारू नका. इजिप्तमधल्या दुम्यात शहरातल्या एका इमारतीत, चौथ्या मजल्यावर, उस्ता मुतवल्लींच्या घरात माझं सगळं आयुष्य गेलं, एवढं सांगितलं म्हणजे पुरे. उस्ता म्हणजे पलंग-कपाटांवर नक्षी कोरणारा पक्का कारागीर! आमच्या गल्लीत दर दुसऱ्या दारातून रंध्याचा आवाज येतो, आणि त्या सगळ्यांत उस्तांच्या हाताला तोड नाही. माझ्यासाठी त्यांनी बीच झाडाच्या लाकडाचं टेबल केलं, त्याच्या पायांवर द्राक्षांचे वेल कोरले. मित्रांनो, असा थाट कुठल्या संगणकाच्या वाट्याला येतो, सांगा बरं!

सुरुवातीला माझं फार कौतुक होतं. उस्तांची थोरली मुलगी सुहैला माझ्यावर अभ्यास करून पदवीधर झाली आणि औषधांच्या दुकानात नोकरीला लागली. धाकटी जैलान शाळेत जाणारी, तोंडाची फटाकडी. ती माझ्यावर खेळ खेळायची, हरली की मलाच शिव्या द्यायची. आणि त्यांची आई, इन्साफबाई, माझ्यावर कुराणपठण लावायच्या. घराबाहेर पडताना घर मुकं ठेवायचं नाही, ही त्यांची रीत. "रिकाम्या घरात कुराणाचा आवाज असला की वाईट काही आत येत नाही," त्या म्हणायच्या. म्हणून मला कधी बंद करत नसत. दिवसभर मी एकटाच त्या गोड, संथ आवाजाने घर भरून टाकायचो. मला अभिमान वाटायचा त्याचा.

ते पठण एका छोट्या पेनड्राइव्हमध्ये होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या उम्म हिशाम यांनी तो आणला होता. त्यांच्या मुलाने, हिशामने, कुठल्याशा सायबर कॅफेत भरून घेतलेला. इमारतीतल्या सगळ्या बायका तो आळीपाळीने वापरायच्या. आमच्याकडे आला की इन्साफबाई त्याला हिरव्या साटीनच्या कापडात गुंडाळून, जपमाळेशेजारी, कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर ठेवायच्या. त्याच्या वर काही ठेवायचं नाही. हात धुतल्याशिवाय त्याला शिवायचं नाही.

त्याच्याबरोबरच तो पाहुणा माझ्यात आला. ट्रोजन म्हणतात त्याला, लपून शिरणारा व्हायरस. आल्या आल्या त्याने मोडतोड केली असती तर परवडलं असतं. तो गुपचूप बसला. माझे दरवाजे आतून उघडले आणि दूर कुठेतरी बसलेल्या, मला कधीच न दिसलेल्या एका माणसाच्या हातात माझ्या किल्ल्या दिल्या. आणि मी तर दिवसभर चालूच! चोराला याहून काय हवं?

एके दिवशी माझ्या कॅमेऱ्याचा हिरवा दिवा आपोआप लागला.

"आई, बघ बघ! तुझा संगणक डोळा मारतोय मला!" जैलान खिदळली.

"तुझं तोंड बघून मारत असेल. वेणी घाल आधी," आई म्हणाल्या.

दोघी हसल्या. मला सगळं ठाऊक होतं आणि मला तोंड नव्हतं.

माझ्या पोटात सुहैलाचे फोटो होते. मावसबहिणीच्या हिनाच्या, म्हणजे लग्नाआधीच्या मेंदीच्या, रात्रीचे. त्या रात्री फक्त बायका असतात, दारं-पडदे बंद असतात, डोक्यावरचे रुमाल सुटतात आणि कमरेला ओढणी बांधून सगळ्या नाचतात. सुहैला त्यात मोकळ्या केसांनी, बिनबाह्यांच्या झग्यात, वाऱ्यासारखी नाचत होती. हे फोटो कुणा परक्याच्या नजरेला पडायचे नसतात, म्हणून तर ते विश्वासाने माझ्याकडे ठेवले होते. माझ्याकडे!

सुहैलाचं ताहा नावाच्या मुलाशी ठरलं होतं. लग्न तोंडावर आलेलं. अशात एका दुपारी ती माझ्यासमोर बसली असताना तो नाचाचा फोटो आपोआप पडद्यावर उघडला. खाली ओळ उमटली: "असे खूप आहेत. मी सांगेन तसं करत जा, नाहीतर ताहाच्या घरी आणि सगळ्या नात्यागोत्यात पोचवतो."

सुहैलाने माझी तार उपटली. काळोखात जाण्याआधी मला शेवटचं दिसलं ते तिचं तोंड. अजून विसरता येत नाही.

तिने फक्त जैलानला सांगितलं. मग दोघींनी बाशमुहंदिस इहाबला बोलावलं. आमच्याकडे संगणक दुरुस्त करणाऱ्याला असंच मानाने हाक मारतात. त्याला सांगितलं एवढंच की संगणक फार मंद चालतोय.

"मंद? अहो, हा आजारी आहे!" इहाब कामाला लागला. त्याने माझे कोपरे धुंडाळले, अँटीव्हायरस चालवला, पाहुण्याला हुडकून हाकललं. मला हलकं हलकं वाटलं. दोनच दिवसांत पाहुणा परत हजर! इहाब पुन्हा आला, या वेळी माझी सगळी मूळ यंत्रणा पुसून नवी घातली. आठवडा गेला नाही तोच पुन्हा तो हिरवा दिवा. आणि पडद्यावर ओळ: "मला काढताय होय? मजा येतेय."

इहाबने कपाळ पुसलं. "हा बाहेरून येतोय. याला काय काय जोडता? फोन, कॅमेरा, पेनड्राइव्ह?"

"काही नाही रे बाबा," इन्साफबाई मनापासून म्हणाल्या. "आम्ही कशाला काय जोडू?"

खोटं बोलल्या नाहीत त्या. जे हिरव्या साटीनमध्ये राहतं, ते त्यांच्या लेखी पेनड्राइव्ह नव्हतंच! मी ओरडलो असतो तर केवढं बरं झालं असतं.

इहाब मला तिसऱ्यांदा साफ करून गेला तेव्हा जैलान माझ्यासमोर ठाण मांडून बसली. सगळं ठीक होतं. मग आई बाजाराला निघाल्या. हात धुतले, फळीवरून ते पुडकं काढलं, मला जोडलं. पठण सुरू झालं आणि त्याच क्षणी हिरवा दिवा लागला.

"आई! काढ ते! आत्ताच्या आत्ता काढ!"

"खुळी झालीस? कुराण चालू आहे."

"त्याच्यातूनच येतंय सगळं! पुसावं लागेल ते."

"तोंड धू तुझं! अल्लाचा शब्द पुसायचा म्हणते. चोर काय कुराणात लपून बसतो?"

"मशिदीतून चपला चोरीला जातात की नाही, आई? मग त्यात मशिदीचा दोष असतो का?"

तरी आईंचा हात काही हलेना. तेवढ्यात दारातून सुहैला पुढे आली. तिने सगळं ऐकलं होतं. उभ्या उभ्याच तिने आईला सांगून टाकलं: फोटो, धमकी, इतक्या रात्री न झोपता काढलेल्या. एकदाही रडली नाही.

आई आत गेल्या, नमाजाला करतात तसे हात-पाय-तोंड धुऊन आल्या. "दाखव कुठलं बटण," त्या जैलानला म्हणाल्या. "पुसायचंच तर माझ्या हातानं पुसेन." बटण दाबताना त्या काहीतरी पुटपुटत होत्या. इहाबने मग मला अखेरचं साफ केलं. पाहुणा गेला. कायमचा गेला.

पण त्याने नेलेलं परत आलं नाही.

आणि एक प्रश्न राहिलाच. तोच पेनड्राइव्ह इमारतीतल्या घराघरांत फिरला होता. तिथेही मुली होत्या, तिथेही हिनाच्या रात्रीचे फोटो होते. त्यांना सावध करायचं तर कारण सांगावं लागणार, आणि कारण सांगितलं की सुहैलाचं नाव निघणार.

"नको," आई म्हणाल्या. "तुझं लग्न होऊन जाऊ दे."

"तोवर खालच्या मजल्यावरच्या पोरीचं काय होईल?" सुहैलाने डोक्याला रुमाल बांधला आणि जिना उतरायला लागली.

उम्म हिशाम भडकल्या. त्यांचा आवाज मला चौथ्या मजल्यावर ऐकू आला. "माझ्या घरून आलेल्या कुराणाला नावं ठेवतेस? आणि फोटो काढायला सांगितलं होतं कुणी?" पण त्यांच्या मुलीने नंतर जैलानला सांगितलं: दार आपटल्यावर आत तिने रडत रडत आपला संगणक बंद केला. तिलाही तशीच ओळ आली होती. ती कुणाला बोलली नव्हती.

ताहाच्या घरीही सुहैलाने स्वतःच फोन करून सगळं सांगितलं, चोराच्या आधी. चोराने फोटो पाठवले, पण त्याच्या हाती भीती उरली नव्हती. तरी ताहाच्या आईचा फोन आलाच. "मुलगी गुणाची आहे हो तुमची. पण लोक काय म्हणतील?"

"लोक कोण?" इन्साफबाई म्हणाल्या. "चोराचा माल तर तुम्ही उघडून बघितलात." आणि फोन ठेवून त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

लग्न मोडलं. उस्तांना सगळं शेवटी कळलं. ते हातात पटाशी घेऊन माझ्याकडे आले तेव्हा मी म्हटलं, संपलो. त्यांनी लाकडाचा पातळ कपचा तासला, माझ्या कॅमेऱ्यावर चिकटवला, अंगठ्याने दाबून धरला. कितीतरी दिवस ते सुहैलाशी बोलले नाहीत. पण पोलिसांत तक्रार द्यायला तिच्याबरोबर तेच गेले, गेले तसेच न बोलता आले. चोर अजून सापडलेला नाही.

आता मी उस्तांच्या कारखान्यात असतो, भुशाने माखलेला. जैलान येऊन घरच्या बातम्या देते. परवा दुसऱ्या एका मावसबहिणीची हिना झाली म्हणे. सुहैला गेली होती, पण नाचली नाही. टोपली घेऊन दाराशी बसली आणि आत येणाऱ्या प्रत्येकीचा फोन काढून घेत राहिली. उम्म हिशाम यांची मुलगी तिच्या शेजारी येऊन बसली आणि तिने टोपलीचा दुसरा कान धरला.

मित्रांनो, माझ्यात जे जोडाल ते आधी तपासा, मग ते कितीही पवित्र हातातून आलेलं असो. माझं काम नसेल तेव्हा मला बंद करा. एवढं कराल तर मी जन्मभर तुमचा. पण घरातली एखादी मुलगी एकाएकी गप्प झाली, तर "काय केलंस तू?" असं विचारू नका. "तुला कोण छळतंय?" असं विचारा. माझ्यातला पाहुणा काढायला बाशमुहंदिस मिळतो. तिच्यातली भीती तुम्हालाच काढावी लागेल.