यंत्र उठेपर्यंत

"यंत्राचा दिवा लागतच नाहीये गं," वहिनी म्हणाली. "झाडायला पलंग सरकवला, तर प्लग निघाला. लगेच परत लावला मी. तेवढ्याने मरतं का ते?"

धाकटी नणंद लॅपटॉपवर वाकली होती. दादाच्या उशाशी असणारं श्वासाचं यंत्र तिने त्याला जोडलं होतं. तोवर दादा ऑक्सिजनच्या सिलिंडरवर होता, आणि सिलिंडर जेमतेम संध्याकाळपर्यंत पुरणार होता; दुसरा कुठेच मिळत नव्हता.

यंत्राच्या चिपमध्ये सगळ्यात आधी जागा होणारा प्रोग्राम तिनेच लिहिलेला. काम द्वारपालाचं. बनवणाऱ्याची खरी डिजिटल सही असलेलं सॉफ्टवेअर आत सोडायचं, बाकीच्यांना दारातूनच वाटेला लावायचं. नोकरी सांभाळून तिने तो जगाला फुकट वाचायला, वापरायला दिला होता. या यंत्राच्या कंपनीनेही घेतला.

"तूच केलंयस ना? मग तुझं तरी ऐकेल."

"कुणाचंच ऐकायचं नाही, हेच शिकवलंय त्याला."

दादा हॉस्पिटलातून घरी आला तो बजावूनच, की आता परत तिकडे नेऊ नका, जे व्हायचं ते या खिडकीशी होऊ दे. पण यंत्र चालू व्हायला वेळ घ्यायचं आणि तेवढ्यात तो कासावीस व्हायचा. "हे उठेपर्यंत मी उठतोय का बघा," म्हणत हसायचा. तिला ते हसणं सोसवलं नाही. ती त्या उशिराच्या हात धुऊन मागे लागली.

जुनं सॉफ्टवेअर कायमचं बाद करणारी खूण चिपमध्ये एकदा उमटली की पुसता येत नाही. म्हणून नवं नीट चालू झाल्यावरच ती उमटवायची, असा रिवाज. तिने ते काम अपडेट उतरत असतानाच उरकून टाकलं, म्हणजे चालू होताना तेवढा खोळंबा नको. ठिकठिकाणच्या जाणकारांनी ते वाचलं, तिची पाठ थोपटली. कुणालाच काही खटकलं नाही.

आज अपडेट उतरत असताना प्लग निघाला. आतली बॅटरी कधीचीच गेलेली. जुनं बाद झालं होतं, नवं अर्धवट होतं, आणि द्वारपाल दोघांनाही आत घेईना.

कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, "बदली यंत्र परवा. तोवर पेशंटला ॲडमिट करा."

वहिनी प्लग पुन्हा दाबून बघत म्हणाली, "माझ्याच हातून झालं."

"नाही वहिनी. प्लग कधीतरी निघणारच. ते मी गृहीत धरायला हवं होतं. मी घाई केली." तिने डोळे पुसले.

दादाने मास्क बाजूला केला. "म्हणजे कुलूप पक्कं बसवलंस."

"हो रे दादा."

"मग रडतेस काय?" त्याला धाप लागली. थोड्या वेळाने तो म्हणाला, "मला नेऊ नका गं."

वहिनीने मास्क परत त्याच्या तोंडावर बसवला आणि नणंदेने ॲम्ब्युलन्सला फोन लावला.

नेताना त्याने पलंगाचा कठडा धरून ठेवला. गाडीवरच्या माणसाने त्याची बोटं हळूच, एकेक करून सोडवली. बरोबर दादाचा मोठा मुलगा गेला. कपडे घेऊन या दोघी मागून निघणार होत्या.

वहिनीने कपड्यांची पिशवी भरली आणि पलंगावरची चादर ओढून काढली.

"असू दे ना अंथरूण," नणंद म्हणाली. "परवा येईलच तो."

वहिनीने चादरीची घडी घातली. मग गादीचं एक टोक उचललं आणि म्हणाली, "तिकडून धर जरा."

तिने धरलं.