उदाहरणार्थ, नवऱ्याचा गुडघा

हॉटेलात खोल्या आवरणाऱ्या बाईला मजल्याची सुपरवायझर व्हायचं असेल, तर तिला इंग्रजी यायला हवं, असा नियम नव्या मॅनेजर मॅडमनी काढला आणि इच्छुकांच्या हातावर एक छापील पुस्तिका ठेवली. आत शंभरेक शब्द, प्रत्येकापुढे अर्थ आणि अर्थाखाली नमुन्याचं एक वाक्य. सोमवारी तोंडी परीक्षा होती. मॅडम काचेच्या वाडग्यातून चिठ्ठ्या काढणार, जो शब्द निघेल त्याचा अर्थ सांगायचा आणि वाक्य करून दाखवायचं.

तीही खोल्याच आवरायची. तिला ती जागा हवी होती, पण मानापानासाठी नव्हे. तिचं उजवं मनगट कामातून चाललं होतं. गादीचा कोपरा उचलून चादर खोचायला गेलं की कळ थेट कोपरापर्यंत जायची. सुपरवायझरला गाद्या उचलाव्या लागत नाहीत. हॉटेलात मात्र तिने कुणाला दाद लागू दिली नव्हती. हात थकलेल्या बायांचं पुढे काय होतं ते तिने पाहिलं होतं. आधी पाळ्या कमी होत, मग घरी बसायचा निरोप येई. म्हणून ती बाहीखाली पट्टा बांधायची आणि कुणी विचारलंच तर बांगडी रुतली म्हणायची.

घरी मुलगी शिकवायला बसली. ती कॉलेजात होती, आणि आईला दरडावायची संधी पुन्हा येणार नाही हे ओळखून होती.

“निग्लेक्ट. म्हणजे हेळसांड करणे. हिज् ब्रदर निग्लेक्टेड द गार्डन. त्याच्या भावाने बागेची हेळसांड केली. म्हण.”

“कुणाचा भाऊ?”

“कुणाचा का असेना!”

“असं कसं? आणि घरात पाणी घालायला दुसरं कुणीच नव्हतं?”

“आई, वाक्य आहे ते. कोर्टातली साक्ष नाही!”

पण तिचं डोकं तसंच चालायचं. पुस्तिकेतला तो भाऊ, ती श्रीमंत आत्या, तो आळशी शेजारी, कुणीच तिच्या डोक्यात मुक्कामाला तयार नव्हतं. रात्री पाठ केलेलं सकाळपर्यंत धुऊन निघायचं. मग एका संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालता घालता ती एका दमात म्हणाली, “माय डॉटर इज् रिलक्टंट टू वॉश हर प्लेट.”

मुलीने आधी आपल्या उष्ट्या ताटाकडे पाहिलं, मग आईकडे. “हे मला बोललीस? मी ताट घासायला नाखूश?”

“वाक्य आहे ते,” आई म्हणाली. “खरं आहे ना, म्हणून बसलं डोक्यात.”

तिथून गाडी रुळावर आली. शब्द आला की त्याच्या मापाचा माणूस शोधायचा. ‘हेजिटेट’ घरमालकाला गेला, कारण गळक्या छताचं नाव काढलं की तो चाचरायचा. ‘बोस्ट’ला, म्हणजे बढाईला, मजल्यावरची सोबतीण रेडिओ मिळाली. ती दिवसभर बोलायची म्हणून तिचं नाव रेडिओ पडलेलं, आणि जागेसाठी तीही उभी होती. ‘पंक्च्युअल’ नवऱ्याच्या वाट्याला आला. चहाची वेळ त्याने आयुष्यात चुकवली नव्हती.

नवरा बस चालवायचा. गुडघ्याने दगा दिल्यापासून तो घरी होता आणि स्वयंपाक त्याच्याकडे आला होता. डॉक्टरचं नाव काढलं की त्याला नेमकी घासायची भांडी आठवायची. या वाक्यांची त्याला मोठी गंमत वाटे.

“आज माझ्या नावावर काय लागलं?” कांदा चिरता चिरता त्याने विचारलं.

“निग्लेक्ट,” मुलगी म्हणाली. “माय हजबंड निग्लेक्ट्स हिज् नी.”

“म्हणजे?”

“गुडघ्याची हेळसांड करता तुम्ही,” बायकोने सांगितलं.

सुरी थांबली. “दुसरं काही सापडलं नाही?”

“खरं सापडलं ते घेतलं.”

“आणि हे त्या साहेबलोकांपुढे सांगणार?”

“शब्द निघाला तर.”

कांदा त्या दिवशी इतका बारीक चिरला गेला की भाजीत शोधून सापडेना.

परीक्षा तोंडावर आली आणि एक भलतीच अडचण उभी राहिली. जेवण झाल्यावर मुलगी आपणहून ताट घेऊन मोरीकडे निघाली.

“ठेव ते खाली!” आई ओरडली.

“अगं, घासतेय मी!”

“तेच तर! तू घासलंस तर रिलक्टंटचं मी काय करू? सोमवारपर्यंत हात लावायचा नाही.”

“म्हणजे मी सुधारायचं नाही?”

“मंगळवारी सुधार.”

नवरा हसला नाही. तो गुडघा चोळत भिंतीकडे बघत बसला होता.

सोमवारी सकाळी ती वेणी घालून बाहेर आली, तर नवरा दाराशी चपला शोधत होता. इस्त्रीचा शर्ट घातलेला, काखेत एक्स-रेचं जुनं पाकीट.

“कुठे निघालात?”

“हॉस्पिटलात. नंबर लावलाय.”

या एका गोष्टीसाठी तिने किती विनवण्या केल्या होत्या, किती अबोले धरले होते. डोळे भरून यायच्या बेतात होते, तेवढ्यात तिला ‘निग्लेक्ट’ आठवला.

“आजच जायचं होतं?”

“आता काय झालं? तूच म्हणत होतीस ना?”

“म्हणत होते हो. पण दुपारपर्यंत कळ काढली असतीत तर?”

“वाक्य बदल तुझं,” तो म्हणाला. “चारचौघांत माझी हेळसांड नको.” आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेला.

ऑफिसबाहेर रेडिओ भेटली. “मी तर सगळं धडाधड म्हणून आले,” तिने सांगितलं. “बाग काय, भाऊ काय, सगळं. साहेब थक्कच झाले.”

आत मॅडम होत्या आणि शेजारी हॉटेलचे मोठे साहेब. पहिली चिठ्ठी ‘पंक्च्युअल’ निघाली. चहाचं वाक्य ऐकून मॅडम हसल्या. दुसरी चिठ्ठी उलगडून त्यांनी वाचलं, “निग्लेक्ट.”

“हेळसांड करणे,” ती म्हणाली. वाक्य जिभेवर आलं आणि तिथेच थांबलं. या घडीला तो कुठल्या तरी बाकावर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बसला असेल. आता ते वाक्य म्हणणं म्हणजे त्याच्या पाठीमागे चहाडी करण्यासारखं होतं.

तिला बागही आठवली. आजवर कधी नीट न बसलेलं ते वाक्य आज अक्षर न अक्षर समोर उभं होतं. म्हटलं असतं तर कुणी विचारलं नसतं की कुणाचा भाऊ. रेडिओला कुठे विचारलं?

“टेक युअर टाइम,” मॅडम म्हणाल्या.

तिने घर धुंडाळलं. मुलगी, नवरा, घरमालक. सगळ्या शब्दांना माणसं वाटून झाली होती, पण त्या वाटणीत तिने स्वतःला एकही शब्द घेतला नव्हता. मांडीवर तिचा डावा हात उजव्या मनगटाला घट्ट धरून बसला होता. तिने तिकडे पाहिलं. हे बोललं तर जागा जाईल, कदाचित आहे ती नोकरीही जाईल, हे तिला पुरतं कळत होतं. पण खरं एवढं एकच उरलं होतं.

“आय निग्लेक्ट माय हँड,” ती म्हणाली.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “विच हँड?”

तिने बाही वर केली. पट्ट्याच्या कडेची सूज साहेबांनाही दिसली.

“व्हाय डिडन्ट यू टेल अस?”

“आय वॉज अफ्रेड.” अफ्रेड हा शब्द पुस्तिकेत होता. त्याला तिने मुलगी पालीला घाबरते असं वाक्य लावून ठेवलं होतं. ते तिला आठवलंही नाही.

मग साहेब साध्या मराठीत म्हणाले, “हे सांगायची गरज नव्हती तुम्हाला.”

“तुम्ही वाक्य विचारलंत ना,” ती म्हणाली.

“आजच डॉक्टरांना दाखवा. ते काय म्हणतात ते पाहून ठरवू.”

हे बरं की वाईट, तिला बाहेर आल्यावरही उमगलं नाही. पुढचं सांगायचं तर जागा तिलाच मिळाली, पण हात पट्टीतून सुटल्यावर. तोवर ती रेडिओने सांभाळली, आणि त्यानंतर रेडिओचं प्रत्येक बोलणं ‘माझ्या काळात’ असं सुरू होऊ लागलं. त्या दुपारी मात्र यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. ती तडक हॉस्पिटलात गेली, खिडकीवर नाव लिहिलं आणि हाडांच्या डॉक्टरांच्या दारासमोर नवऱ्याशेजारी जाऊन बसली.

“तू इथे कशी? लागली का जागा?”

“हात दाखवून या म्हणाले, मग सांगतो.”

“हाताचं त्यांना कुणी सांगितलं?”

“मीच.”

तो तिच्याकडे बघत राहिला. “आणि माझ्या गुडघ्याचं?”

“त्याचं नाव नाही काढलं.”

त्याने मान डोलावली. थोड्या वेळाने शिपायाने दार उघडून त्याचा नंबर पुकारला. तो उठला नाही. अगदी उदार चेहरा करून म्हणाला, “असं कर, माझ्या नंबरावर तू जा. तुझं घाईचं आहे. मी येतो मागून सावकाश.”

“उठा गुमान,” ती म्हणाली, आणि डाव्या हाताने त्याचा दंड धरून त्याला आत घेऊन गेली.