मामा कोणाचा

माझ्या पाठचा भाऊ, हे गेल्यापासून माझ्याकडेच राहतो. पुढच्या खोलीत त्याचं शिलाई मशीन. माझी मुलं त्याला मामा म्हणतात, म्हणून सगळी गल्लीही मामाच म्हणते.

त्या संध्याकाळी मशीनचा पट्टा काढता काढता तो म्हणाला, "ताई, सकाळी जातो. चष्मेवाल्याकडे. राहायलाच."

चष्मेवाला त्याचा कोण, हे मला ठाऊक होतं. भावाला बायको कधीच नको होती. त्याचा जीव त्या माणसात. घरात कुणी बोलत नसे, इतकंच.

मी ओटा पुसला. पुसलेला पुन्हा पुसला. दार लावलं, उघडलं. धाकट्याची शाळा, माझं दुखणं, सगळं याच्यावर टाकून मी निवांत जप करत आले होते. आता?

जीवशास्त्र शिकणारी लेक पुस्तकातून मान वर करून म्हणाली, "आई, एक तर्क आहे. ज्या पुरुषांना पुरुषच आवडतात त्यांना सहसा मुलं होत नाहीत, तरी असे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या जन्मतातच. का? तर म्हणे ते बहिणीची मुलं जगवतात. भाच्यांत मामाचं थोडं रक्त असतंच, ते पुढे जातं."

मला बुडत्याला काडी सापडली. मी भावाला म्हटलं, "बघ. देवाने तुला आमच्यासाठीच धाडलंय. आता शास्त्रही तेच म्हणतंय."

त्याने पाना खाली ठेवला. "म्हणजे देवाने आणि शास्त्राने मिळून माझा मामा केला म्हण की."

लेक फिस्सकन हसली, मग ओशाळली. "मामा, तर्कच आहे रे तो. माणसांत तपासला तर बहुतेक ठिकाणी टिकला नाही."

"मग खरं कारण काय?" मी विचारलं.

"एक नाहीच. थोडं रक्तातलं, थोडं आईच्या पोटातलं. बरंचसं अजून कळलेलंच नाही."

"ताई," तो म्हणाला, "तू डावखुरी का, हे शोधत कुणी बसलं होतं?"

"शोधत कुठलं? हातावर पट्ट्या मारत बसले होते."

"मग?"

मी पुन्हा ओटा पुसायला घेतला. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी प्रार्थना संपेपर्यंत माझं मौन असतं. ते मोडायचं नाही, हा नेम. मी डोळे मिटून बसले, पण ओठांवर नाव येईना. कान पुढच्या खोलीत. खुर्ची सरकली. कात्र्या पिशवीत पडल्या. मग चष्मेवाल्याचा दबका आवाज, "तू ते टोक धर."

भाऊ माझ्या दाराशी आला. थांबला. मी मान वर केली नाही. नेम होता ना. चांगली सोय होती.

तो वळला. दोघांनी मशीन उचललं. पावलं दाराकडे गेली, आणि मी उठून बाहेर आले.

"अरे, आडवं करा. चौकटीला लागेल."

दोघं जागच्या जागी थबकले.

"ताई, मौन मोडलंस."

"उद्या दुप्पट पाळीन," मी म्हणाले आणि डाव्या हाताने दाराचं दुसरं कवाड उघडून धरलं.