येताना साडेचार तास

मी बोलतोय पनवेलच्या मोहल्ल्यातल्या एका भिंतीवरून, पण पनवेलची वेळ मी कधी दाखवलीच नाही. मी दुबईचं घड्याळ. शेजारी घरचं जुनं घड्याळ आहे, त्याच्यापेक्षा मी दीड तास मागे चालतो. पाहुणे मला सुस्त समजून हसतात. हसोत बापडे, मला कामच ते दिलं होतं.

दोन हजार चार साली फुजैल नोकरीला दुबईला निघाला, त्या दिवशी त्यानेच मला खिळ्याला टांगलं. बायकोला म्हणाला, "बिल्कीस, याच्याकडं बघत जा. तीन तासांचा तर रस्ता हाय."

त्याच्या अम्मीला मात्र हा हिशेब काही केल्या पटेना. पोरगा इथून दहाला उडाला आणि तिथे साडेअकराला उतरला. सुट्टीवर आला तेव्हा तिथून दहाला निघून इथे अडीचला टेकला. "जाताना दीड तास, येताना साडेचार!" अम्मी कपाळाला हात लावायची. "म्हणून पोराला यायला जड जातंय."

बिल्कीस मला बघून जगायची. रमजानात इथली अजान झाली की खजूर तोंडात टाकून रोजा सोडायची, पण ताट वाढून घ्यायची ती माझ्यावर दुबईची मगरिब, म्हणजे सूर्यास्ताची नमाज, झाल्यावर. त्याच्याआधी आपण कसं जेवायचं, म्हणायची. सुट्टीनंतर आलिया जन्मली. फुजैलने फोनवर सांगितलं, सुट्टी मिळत नाय. पोरगी चालायला लागली तरी मिळाली नाही. बिल्कीस तिला उचलून माझ्यापुढे धरायची, "बघ, अब्बा आता कामावरून सुटले."

मग तो शुक्रवार आला. बिल्कीसचं फुजैलशी फोनवर बोलणं चालू होतं. आमच्या मशिदीत मगरिबची अजान सुरू झाली, आणि त्याच क्षणी फोनमधूनही दुसऱ्या आवाजात अजान आली. बिल्कीसने माझ्याकडे पाहिलं. माझ्यावर सव्वापाच. दुबईत अजून ऊन असायला हवं होतं.

"तुमी कुठं हाय?"

फुजैल म्हणाला, "मुंब्र्याला. कंपनी बंद पडली. तोंड कसं दाखवू?"

"कधीपासनं?"

"आलियाच्या आधीपासनं."

मुंब्रा! एसटीने तासाभराचा रस्ता. माझ्या काट्यांना आग लागली असं वाटलं. मी एक दिवस बंद पडलो नाही की एक मिनिट चुकलो नाही, आणि त्याने माझ्याच तोंडून रोज त्या बाईला खोटं सांगितलं. नोकरी गेली त्याचं मला काही नाही. पण ती माझ्याकडे बघत उपाशी थांबायची, त्याचं काय?

आज सकाळी तो आला. चपला काढून आत आला, आलियाकडे बघायची हिंमत होईना म्हणून माझ्याकडे बघितलं आणि मला उतरवायला हात वर केला.

"हात नका लावू त्याला," बिल्कीस म्हणाली. "दुबईवरनं येताय ना? येताना साडेचार तास लागतात. बाहेर बसा."

तो ओट्यावर बसलाय. अम्मी दारापर्यंत गेली आणि परत फिरली. आलिया उंबऱ्यावर उभी राहून या अनोळखी माणसाला निरखतेय.

घरात कुणासाठी माझ्यासारखं घड्याळ लावणार असाल, तर तो माणूस खरंच तिकडे आहे का, ते आधी बघा. मला पुन्हा कुणाला फसवायचं नाही. फुजैल सारखा आत डोकावून माझ्याकडे बघतोय. बघू दे. त्याच्यासाठी मी एक मिनिटही पुढे पळणार नाही.